तांब्या वाजतोय तोवर

आमच्या न्हाणीघराच्या खिडकीला काच नाही. नुसती चौकट आहे. हिवाळ्यात त्यातून टेकडीवरचा वारा आत येतो आणि ओल्या पाठीला चावतो. पाहुणे हात धुवायला जातात आणि बाहेर येऊन विचारतात, "काका, काच फुटली वाटतं?" मी म्हणतो, "फुटली नाही, काढली." पुढचा प्रश्न त्यांच्या ओठावर असतो, पण माझं तोंड बघून ते गिळतात.

ज्यांनी गिळला त्यांच्यासाठी हे लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. सून ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघून देते. बाकी एक शब्द तिला हलवू दिलेला नाही, आणि तिनं दोन-तीन ठिकाणी प्रयत्न केला होता.

त्या न्हाणीघरानं माझी बायको जवळजवळ नेली होती. परत किती दिली, ते शेवटी सांगतो.

आधी आम्ही मंडईच्या मागे राहायचो. दोन खोल्या, आणि मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक न्हाणी. तिला पत्र्याचं दार होतं आणि कडी नव्हती. कधीकाळी असेल, मी बघितली नाही. घरमालकाला सांगितलं की तो म्हणायचा, "आत काय सोनं ठेवलंय?" तेव्हा कडीचं काम आवाजानं करायचं. पुरुष आत असला की खाकरायचा, नाहीतर आरती म्हणायचा. बायका तांब्या बादलीच्या काठावर वाजवायच्या. टण्, टण्. आवाज चालू आहे तोवर आत माणूस आहे. आवाज थांबला की न्हाणी मोकळी झाली, ढकला दार. लग्न होऊन ही आली तेव्हा माझ्या आईनं तिला पहिली शिकवली ती ही गोष्ट. "तांब्या वाजता ठेवायचा गं. थांबलीस की कुणीतरी आत आलंच म्हणून समज."

बाहेर रांग, आणि रांगेतली तोंडं पुण्याची. "काय, काशीला पोचलात का?" "अहो, अंग घासताय का भिंत?" कुणी म्हणायचं, "राहू द्या, वर्षाची एकदम उरकतायत."

मी फाउंड्रीत भट्टीवर होतो. काळी भुकटी नाकात, कानात, नखांत. ती निघायला गरम पाणी लागतं आणि वेळ लागतो. मला दोन्ही एका वेळी कधी मिळालं नाही. बादली डोक्यावर उपडी करायची आणि बाहेर यायचं, मानेवरचा काळा पट्टा तसाच. कुणाला मोटार हवी असते, कुणाला काश्मीर बघायचं असतं. माझी चैनीची कल्पना एवढीच होती की आतून कडी लागणारं न्हाणीघर असावं, आणि अंगावरून ओघळणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत मला कुणी उठवू नये.

देशाची दारं उघडली, असं तेव्हा पेपरात यायचं. आमच्या फाउंड्रीची बंद झाली. बाहेरून माल स्वस्त येतो म्हणाले, घरी बसा. मी बसलो. पण मुलगा कॉम्प्युटर शिकला आणि खराडीला लागला, काचेच्या इमारतीत. सूनही तिथलीच, तेच काम. दोघांनी वारज्याला फ्लॅट घेतला आणि आम्हाला उचलून आणलं. वारजे तेव्हा अर्धं शेत होतं, अर्धं सिमेंट. घरात पाऊल टाकल्यावर लोक आधी देवघराची जागा बघतात. मी सरळ न्हाणीघरात गेलो. छातीइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा. दाराला आतून कडी. लावली. काढली. पुन्हा लावली.

बाहेरून ही म्हणाली, "अहो, अडकलात का?"

"नाही," म्हटलं, "काशीला पोचलो."

विजेचं तेव्हा काही खरं नव्हतं, वेळी-अवेळी जायची. म्हणून मुलानं गॅसचा गीझर घेतला. न्हाणीघरातच भिंतीवर एक पांढरी पेटी. नळ सोडला की आत भक्कन ज्योत लागते, बंद केला की विझते. बसवणारा माणूस म्हणाला, "आजोबा, ही खिडकी उघडी ठेवायची हं. आत गॅस जळतो."

मी म्हणालो, "तुझा बाप शाळेत होता तेव्हापासून मी भट्टीपुढे उभा आहे. जाळ मला शिकवू नकोस."

तो पान्हा पिशवीत टाकून गेला. मी पेटीच्या भोकातून ज्योत बघितली. निळी, सरळ, धूर नाही, वास नाही. पिवळ्या जाळाला भ्यावं, तो अर्धवट जळतो. निळा जाळ शहाणा असतो. हे मी भट्टीवर शिकलो होतो आणि ते खोटं नाही. फक्त आमच्या भट्टीच्या डोक्यावर उंच पत्रा होता आणि चारी बाजू मोकळ्या होत्या.

पहिला हिवाळा आला. खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या, त्यांच्या फटींतून वारा यायचा. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ती अंघोळ कुडकुडत करायची काय? मुलाच्या कॉम्प्युटरच्या खोक्यातला थर्माकोल माळ्यावर पडला होता. तो कापून मी खिडकीत गच्च बसवला, कडेनं चिकटपट्टी लावली. न्हाणीघर पेटीसारखं बंद झालं. वाफ आत राहायला लागली.

संध्याकाळी सुनेनं बघितलं. "बाबा, हे काढा. गॅसचा गीझर आणि बंद बाथरूम, डेंजरस असतं. मी वाचलंय. त्याचा जो गॅस होतो ना, त्याला वाससुद्धा येत नाही."

"वास येत नाही, तर आहे कशावरून?"

"बाबा, तेच तर."

"तेच तर काय? नाक तुमचं खराडीचं असेल, माझं फाउंड्रीचं आहे."

तिनं मुलाकडे बघितलं. मुलानं पंख्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं थर्माकोल काढून कोपऱ्यात ठेवला. ती दोघं कामाला गेल्यावर मी परत बसवला. असं कितीतरी दिवस चाललं, एकमेकांशी एक शब्द न बोलता. त्या दोघांना काही होण्यासारखं नव्हतं. ती सकाळच्या घाईत पाणी अंगावर घ्यायची आणि पळायची. न्हाणीघर खरं माझंच, दुपारचं.

दुपारी घर रिकामं झालं की मी तिळाचं तेल अंगाला चोळायचो, पाटावर बसायचो आणि गरम पाण्याची बारीक धार चालू ठेवायचो. धार चालू तोवर ज्योत चालू. वाफेत समोरची भिंत दिसेनाशी व्हायची. रांग नाही, टोमणे नाहीत. मग पाय कापसासारखे व्हायचे, डोकं जड होऊन छातीवर यायचं. गोड वाटायचं. हात उचलावासा वाटायचा नाही. मी मनात म्हणायचो, लोक ज्याला आराम म्हणतात तो हा. आपल्याला कधी मिळालाच नव्हता, म्हणून ओळखीचा नाही.

बाहेर येऊन पलंगावर पडलो की चहाच्या वेळी हिला मला गदागदा हलवावं लागायचं. डोकं दुखायचं, पण ते मी थंडीवर घातलं. खालच्या कट्ट्यावर आम्हा म्हाताऱ्यांची बैठक असायची. तिथं मी सांगितलं, "झोप लागते ती अशी, मेल्यासारखी."

एक जण म्हणाला, "मेल्यासारखी हे तुला उठल्यावर कळतं ना? मग ठीक आहे."

सगळे हसले, मीही हसलो. दुसरा म्हणाला, "तोंड बाकी लाल झालंय तुझं. वारजे मानवलं." मी घरी येऊन आरशात बघितलं. खरंच लाल होतं, एखाद्या पोरासारखं. मला बरं वाटलं.

न्हाणीघरात गीझरच्या मागे एक पाल राहायची. एके दिवशी ती खाली पडलेली सापडली, पोट वर करून. ही केरसुणी घेऊन उभी राहिली. "अहो, ही कशानं मेली?"

"म्हातारी झाली असेल."

"इतक्यात? परवा तर छतावर पळत होती."

"मग तुझ्या फिनेलनं मेली असेल. टाक बाहेर."

तिनं टाकली. पण जाताना वर खिडकीतल्या थर्माकोलकडे एकदा बघितलं, मला चांगलं आठवतं. आमच्याकडे मी एकदा बोललो की ती बोलत नाही, असा रिवाज होता.

आणि एक गोष्ट. त्याच आठवड्यात अंघोळीला बसलो असताना पेटीच्या भोकात माझी नजर गेली. निळ्या ज्योतीच्या टोकाला पिवळी जीभ निघाली होती. लांब, आळशी, इकडून तिकडे वळत. भट्टीवर असं दिसलं असतं तर मी आरोळी ठोकली असती, माणसं मागे हटवली असती. घरात मला फार गोड वाटत होतं. मी डोळे मिटले.

आता हिच्याबद्दल. ही कधी निवांत बसलेली मला आठवत नाही. अंघोळ म्हणजे तिच्या लेखी भाकरीआधी हात ओले करावेत तसं काम. पहाटे उठायची, माझ्या नजरेला पडायच्या आत अंघोळ उरकलेली असायची. फक्त कानावर यायचं, टण्, टण्. फ्लॅटमध्ये आल्यावरही तिनं तांब्या वाजवायचं सोडलं नव्हतं. कडीही लावायची नाही, दार नुसतं लोटून घ्यायची. मी चिडायचो. "इथं कोण रांगेत उभं आहे? कशाला ठणठणाट?"

"हात आपोआप वाजवतो, त्याला मी काय करू?" म्हणायची.

मला वाटायचं, मी एकटाच या घराची चैन भोगतोय, हिच्या वाट्याला काही नाही. तिचे गुडघे थंडीत आखडायचे. एकदा तरी तिला त्या वाफेत बसवायचं, असं मी ठरवलं. आणि मी ठरवलं की होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते. त्या दिवशी बायका तीळ लावून डोक्यावरून न्हातात आणि दुपारी भोगीची भाजी, तिळाची भाकरी असा स्वयंपाक असतो. मुलगा-सून कामाला गेली. मी थर्माकोल नीट दाबून बसवला. हिला म्हटलं, "आज तू सावकाश न्हा. घाई करायची नाही. माझ्यासारखं बसायचं."

"आणि भाजी कोण निवडणार? पावटे सोलायचेत, हरभरे सोलायचेत."

"मी सोलतो."

"अळी दिसेल का तुम्हाला?"

"दिसेल. आणि नाही दिसली तर भोगीची भाजी आहे, तिलाही भोगू दे."

ती हसली. तोंडावर पदर धरून हसायची ती तसंच. मग टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दारात थांबली. "अहो, आत कोंदट वाटतंय हो."

"ती ऊब आहे. पाच मिनिटांत सवय होईल. कडी लाव आणि बस."

"कडी नको."

"बरं, नको लावूस. पण तांब्या वाजवू नकोस. निदान आज तरी राणीसारखी गप्प बस."

दार लोटलं गेलं. धार सुरू झाली, पेटीत भक्कन आवाज झाला. मी न्हाणीघरासमोरच्या बोळात खुर्ची टाकली, मांडीवर परात घेतली आणि शेंगा सोलायला बसलो. आतून आवाज यायला लागला. टण्. टण्. मी कपाळाला हात लावला. ही बाई सुधारायची नाही.

परातीत दाणे पडत होते. फटीतून तिळाचा आणि ओल्या केसांचा वास येत होता. तांब्या वाजत होता, मग जरा हळू वाजायला लागला. मग दोन वाजण्यांमध्ये जास्त वेळ जायला लागला. मग थांबला.

मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. मनात म्हटलं, ऐकलं शेवटी माझं. बसली एकदाची. सगळा जन्म उभी होती, आता बसली. मी एक शेंग सोलली. आणखी एक सोलली. मी मोठ्यानं म्हणालो, "काय, लागली का समाधी?" धार पडत होती, तिच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं धरून चाललो. एक अळी निघाली ती बाजूला काढली, तिला दाखवायची म्हणून.

आणि मग, कानाची सवय असते बघा. मंडईमागे इतकी वर्षं रांगेत काढलेली. तांब्या थांबला की रांगेतला माणूस जे मनात म्हणतो, तेच माझ्या मनात आपोआप आलं. न्हाणी मोकळी झाली.

माझे हात परातीतच थांबले. मोकळी कशी होईल? ती तर आत आहे.

परात पडली, दाणे घरभर झाले. मी दार ढकललं.

ती पाटावर बसलेली होती, भिंतीला टेकून. मान एका बाजूला. तांब्या मांडीत, हात त्याच्यावर. चेहरा गुलाबी, ओठ जरा उघडे. लग्नात दिसली होती त्याहून चांगली दिसत होती, आणि हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो. पेटीच्या भोकात सगळी ज्योत पिवळी झाली होती. मी नळ बंद केला. वाकलो, आणि माझे पाय कापसाचे झाले. तेच गोड जडपण. तेव्हा मला ते ओळखू आलं. मी त्याच्याशी रोज दुपारी गप्पा मारत होतो.

तिच्या काखेत हात घालून मी तिला ओढलं. ओल्या फरशीवरून ती सहज आली, जणू तिचं वजनच नव्हतं. बोळात आणून चादर टाकली, गॅलरीचं दार उघडलं आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. समोरच्या बिऱ्हाडात विदर्भातला एक पोरगा भाड्यानं राहायचा. रात्रपाळीचं कॉम्प्युटरचं काम करायचा आणि दिवसा झोपायचा. मी त्याला येता-जाता "सूर्य उगवला का?" म्हणून टोचायचो. तो अर्ध्या चड्डीत धावत आला.

"काय झालं जी काका?"

"बघ ना, ही बघ ना."

त्यानं आधी नाकाशी हात धरला. "श्वास आहे. सरका तुम्ही, मी उचलतो काकूले." उचलली आणि जिना उतरला, अनवाणी. मी मागून तिची चप्पल घेऊन धावत होतो. कशाला घेतली होती कोण जाणे.

दवाखान्यात तिच्या तोंडावर ऑक्सिजन लावला. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "बाथरूमला खिडकी आहे का?"

"आहे."

"उघडी होती?"

तेवढ्यात सून खराडीहून येऊन पोचली होती. ती माझ्या शेजारीच उभी होती. मी डॉक्टरकडे बघितलं, मग चपलेकडे बघितलं. सूनही बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो, आणि मला तेव्हा भांडायला फार बरं पडलं असतं. ती घरी जाऊन आली. मी संध्याकाळी घरी गेलो तेव्हा थर्माकोल जिन्यात कचऱ्याच्या डब्याजवळ उभा करून ठेवलेला होता, चिकटपट्टीसकट. बोळातले दाणे तिनं झाडून परातीत भरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी हिनं नीट डोळे उघडले. पहिलं वाक्य, "भाजी झाली का?"

"झाली," मी खोटं बोललो.

सगळे बाहेर गेल्यावर मला हळू आवाजात म्हणाली, "अहो, इतकं बरं वाटत होतं. असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तुम्ही दार कशाला ढकललंत?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

घरी आल्यावर मी हातोडी घेऊन पेटी भिंतीवरून स्वतः उतरवली आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकली. खिडकीच्या पट्ट्या एकेक करून काढल्या. कुणी मला सांगितलं नव्हतं. मुलगा म्हणाला, "बाबा, काच राहू द्या, नुसती उघडी ठेवू." मी म्हटलं, "नको. असली की कुणीतरी बंद करतं." कोण, ते त्यानं विचारलं नाही. हिच्यासाठी पाणी आता स्वयंपाकघरात शेगडीवर तापवतो, बादलीत ओततो. मी स्वतः गार पाण्यानं अंघोळ करतो, आणि लवकर बाहेर येतो. आराम या शब्दाशी माझं पटत नाही. दुपारी पेपर वाचताना डोळे जड झाले, पायांना गोड वाटायला लागलं की मी उठून उभा राहतो आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडतो. सून म्हणते, "बाबा, साधी झोप आहे ती." असेल. मला साध्या झोपेतला आणि त्या झोपेतला फरक ओळखता येत नाही, येईल तेव्हा झोपेन.

किती परत दिली, ते सांगायचं राहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, काही दिवसांनी विसरभोळेपणा येऊ शकतो. आला. पोळी लाटता लाटता तिचा हात थांबतो आणि ती लाटण्याकडे बघत राहते. वाक्य अर्ध्यावर सोडते. मी पुढचा शब्द सांगतो, ती म्हणते, "हां, तेच." कधी माझा शब्द चुकतो, तरी म्हणते, "हां, तेच." मंडईमागच्या न्हाणीतलं मात्र तिला सगळं आठवतं. कोण कुणाला काय म्हणालं तेसुद्धा.

तिची अंघोळ आता दुपारी असते, वारा जरा कोमट असतो तेव्हा. मी बोळात खुर्ची टाकून बसतो. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही, टीव्ही लावायचा नाही, कुकरची शिट्टीसुद्धा मला चालत नाही. दार लोटलेलं असतं. कडी मी उचकटून काढली आहे. आतून टण्, टण् येत असतं आणि त्यावर माझा दिवस चालतो. ज्याला मी आधी ठणठणाट म्हणायचो तेच ऐकत बसणं, एवढी एक चैन राहिली आहे.

मध्येच तो थांबतो. मी मोजत नाही, लगेच दार ढकलतो. ती तांब्या हातात धरून त्याच्याकडे बघत बसलेली असते, खांद्यावर पाणी वाळत आलेलं. मला बघून लाजते आणि विचारते, "अहो, हा कशाला घेतला होता मी?"

"वाजवायला," मी म्हणतो. "वाजव."

मग वाजवते.

हे लिहायला मी वही घेऊन बोळातच बसलो आहे. ऊन गॅलरीपर्यंत आलंय. आत तांब्या चालू आहे, मघापासून जरा हळू, पण चालू आहे. सून म्हणते शेवट चांगला करा, बाबा. करतो, पण

थांबला. उठतो.